गारीगारात ठेवलेली चाल

मी आयुष्यभर एकच काम केलं. सूर धरला.

वाजंत्रीत एक गडी सनईवर चाल वाजवतो, एक संबळ बडवतो, आन् एक गडी सुराच्या सनईवर नुसता एकच सूर धरून बसतो. वरात निघाल्यापासून उतरंस्तोवर. तो गडी मी, धुळाजी. लोक म्हनत्यात, ह्यो करतो काय, गाल फुगवून बसतो. बसतो बाबा. पन सूर हटला ना, तर चाल उघडी पडती, न्हानीचं दार वाऱ्यानं उघडावं तशी. सूर सगळ्यात आधी लागतो आन् सगळ्यात शेवटी सुटतो. एवढं ध्यानात ठिवा, मग पुढचं सांगतो.

चाल वाजवायचा केदारनाथ. दिंद्रुडचा गुरव, महादेवाच्या देवळाचा पुजारी आन् माझा जोडीदार. बोलायला लई कडू मानूस. सनई तोंडाला लावली की सगळा कडूपना कुटं जायचा कुनास ठावं.

आमच्यात एक रीत हाय. पोरीचं लगीन ठरलं की वाजंत्री बापानं तिच्यासाठी नवीकोरी चाल बांधायची. ती एकदाच वाजायची, पोरगी सासरी निघताना. त्याच्या आधी कुनी ऐकायची न्हाई. आईनं न्हाई, जोडीदारानं न्हाई, आन् पोरीनं तर बिलकूल न्हाई. जिनं आधी ऐकली तिचा पाय उंबऱ्यातून निघत न्हाई म्हनत्यात. चालीचे तुकडे तीन. पहिला उंबऱ्याचा. दुसरा वेशीपतोरचा. तिसरा माघारीचा. पोरगी गेली, आता बापानं तोंड फिरवून घराकडं यायचं, त्याचा तो तुकडा. उंबरा आन् वेस पोरीसाठी, माघारी बापासाठी. माघारी न्हाई वाजली तर बाप तितंच वेशीत उभा ऱ्हातो. अंगानं घरी येतो, जेवतो, झोपतो, पन उभा तितंच.

केदारनाथला एकच लेक, ईश्वरी. आष्टीला दिलती, तिकडं नगरच्या अंगाला. सुपारी फुटली त्या दिवसापासून ह्या बाबानं दुपारच्याला देवळाचं दार लावून चाल बांधाय घेतली. आमी पारावर बसायचो. दार जाड, सागवानी. आतून नुसतं कायतरी घुमल्यावानी यायचं, रांजनात भुंगा पडावा तसं. काई कळायचं न्हाई.

एक दिवस बाहेर आला अन् माझ्याजवळ बसला. म्हनला, "धुळ्या, सकाळी बांधलेलं सांजच्याला निसटाय लागलंय."

"म्हातारा झालास बे."

"ते न्हाई. मला भ्या वाटतंय."

केदारनाथला भ्या वाटतंय म्हनल्यावर मलाच भ्या वाटलं.

तवा गावात नव्या नव्या चिजा येत व्हत्या. एसटीडीच्या काचेच्या खोल्या आल्त्या, घराघरावर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या व्हत्या. आन् वीरभद्रअप्पा किराणावाल्याची पोरगी शिवानी अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकत व्हती. तिच्या पुन्याच्या मामानं वापरून वापरून ढिला झालेला एक ल्यापटॉप तिला दिलता. घडीची पेटी. उघडली की आत उजेड. शिवानी सुट्टीला आली की आमाला पारावर दाखवायची. तिच्यात आवाज भरता येतो म्हनल्यावर केदारनाथ सरकून बसला.

"टेपात भरावी तर उद्या पोरं हॉटेलात वाजवत्याल," तो म्हनला. "ह्याला कुलूप हाय का?"

"हाय की नाना. शब्द टाकल्याबिगर उघडत न्हाई."

"आन् भरताना हे ऐकतं का?"

"ऐकतं कुठलं? नुसतं ठिवून घेतं."

केदारनाथनं इचार केला. "मग चालतंय. ज्याला कान न्हाईत त्यानं ऐकलं तर रीत मोडत न्हाई."

शिवानीनं देवळात पेटी ठिवली, बटन दाबलं आन् बाहेर आली. दार लागलं. आत केदारनाथ, महादेव आन् ती पेटी. बाहेर आलेला केदारनाथ मी अजून इसरलो न्हाई. डोक्यावरचा भारा उतरल्यावानी मान हालवत व्हता.

त्याच्यानंतर थोड्याच दिसांनी त्याच्या अंगावरून वारं गेलं.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, अर्धं तोंड गेलं. जीभ आत कुटंतरी वळून पडली. बोलायला जायचा तर "अं... अं..." एवढंच. डोळे मातर तेच. बाजेवर पडल्या पडल्या माझ्याकडं बघायचा आन् डाव्या हातानं हवेत पेटीची घडी उघडून दाखवायचा. मला कळायचं. चाल आता त्याच्याकडं नव्हती, पेटीकडं व्हती.

सनई वाजवायला त्याचा भाचा आला, रवि. ब्यांडमधला पोरगा. सगळी गानी पिक्चरची, पन बोटं चांगली. लगीन तोंडावर आलं तशी शिवानी पेटी घेऊन आली. दुपारची येळ. ऊन असं की रस्ता पान्यावानी हालत व्हता. बाजंभवती आमी सगळे. पोरीनं बटन दाबलं.

पेटी उजळली. मग काळी झाली. मग आतून आवाज आला.

टक्. टक्. टक्.

"पाल बोलली," महादेवी म्हनली. महादेवी म्हनजे केदारनाथची बायको. तिनं लगीच जमिनीवर बोट आपटलं, "कृष्ण कृष्ण."

"पाल न्हाई काकू." शिवानीचा चेहरा उतरला. "हार्डडिस्क हाय."

आता मी अडानी. पन ती पोरगी सांगायची कशी चांगली. म्हनली, "काका, हिच्या आत एक तबकडी फिरती. तिच्यावर एक बारीक सुई. सुई जागा हुडकती आन् वाचती. आता तिला जागा सापडंना झाली. जाती, माघारी येती, परत जाती. त्याचा आवाज हाय ह्यो."

मी केदारनाथकडं बघितलं. तो तोंड उघडून "अं... अं..." करत व्हता. दोघंबी तेच करत व्हते.

"आन् चाल?"

"त्या तबकडीवरच हाय. दुसरीकडं घेतली नव्हती. नाना म्हनले व्हते, कुटं दुसरीकडं जाऊ देऊ नको."

मी रेडिओला घालतो तशी एक चापट घालाय हात उचलला, तर पोरगी वरडली, "काका, हात लावू नका! उगंच सुई घासली तर हाय तेबी जाईल!" मी हात खिशात घातला.

मग तिचं चालू झालं. आधी म्हनली, गावातल्या करंटचा जोर कमी पडत आसंल. अप्पाच्या दुकानातला स्टॅबिलायझर आनून लावला. टक्. मेलेली ब्याटरी काढून बघितली. टक्. मग बारीक पेचकसानं पेटीचं पोट उघडलं, आतली डबी बाहेर काढली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी. तिचे पितळी दात खोडरबरानं पुसले, परत बसवली. येक डाव पडद्यावर अक्षरं आली, रवि नाचायलाच लागला. शिवानीनं डबीची तपासनी लावली. तर रांगंनं खराब खराब खराब असंच सांगाय लागली, शेतात नुसते दगडच लागावेत तसं. मग तेबी थांबलं.

महादेवीनं मीठ-मोहऱ्या घेऊन पेटीवरून उतरून टाकल्या.  शिवानी म्हनली, "काकू, चुलीतच टाका हां. पेटीवर मीठ पडू देऊ नका."

ह्या सगळ्यात ईश्वरी कुटं व्हती? परसात. रीतीपरमानं तिला आत यायची बंदी. तितनंच वरडायची, "राहू द्या की! नसंल तर नसंल! बिनचालीच्या काय पोरी नांदत न्हाईत का?" आन् धुनं आपटायची. सुपारी फुटल्यापासून त्या पोरीला धुन्याचं येडच लागलंतं. देवळामागच्या हौदावर जायची तर दुपार काढायची. महादेवी कावायची, "धुतलेली कापडं परत धुती! सासरी काय फाटकी घेऊन जायाचीस का?"

शिवानीनं एसटीडीवरून अंबाजोगाईच्या आपल्या सरला फोन लावला. आली ती जरा बिचकतच.

"सर म्हनले, एक शेवटचा उपाय हाय. लागू पडंलच असं न्हाई. डबी गार करायची. लई गार. आकसून आतलं जरा जागेवर आलं तर थोडा येळ चालती. पन मग बहुतेक कायमचीच जाती."

सगळ्यांनी केदारनाथकडं बघितलं. त्यानं डावा हात उचलला आन् बाहेर बोट केलं. ष्ट्यांडाकडं. तितं मुक्ताबाईचा गारीगारचा कारखाना.

मुक्ताबाई लई जबर बाई. म्हनली, "माझ्या बर्फाच्या पेटीत मटनबी ठिवू देत न्हाई मी कुनाला. ह्ये काय हाय?"

"ईश्वरीची चाल हाय," मी म्हनलो.

तिनं डबीकडं बघितलं. पदराला हात पुसला. मग लाल, पिवळे, हिरवे गारीगार हातानं बाजूला केले आन् मधी जागा केली. शिवानीनं डबी पिशवीत घालून, पिशवी दोऱ्यानं करकचून बांधून, तितं ठिवली. झाकन उघडं व्हतं तवर पांढरी वाफ आमच्या पायावर सांडत व्हती. बाहेर ऊन तापलेलं, ढोरं सावलीला मेल्यावानी पडलेली, आन् आमी त्या वाफेत उभे. मला वाटलं आपन सपनात हावत. आत बर्फाखाली एक पोरगी सासरी चाललीया आन् कुनाला तिचा आवाज येत न्हाई.

"गारीगाराला आता सनईची चव येनार," मुक्ताबाई म्हनली. पन हळू म्हनली.

चांगली गारठल्यावर डबी घेऊन आमी पळत आलो. पळताना रवि म्हनला, "धुळाजीमामा, वरात उलटीच चाललीय आपली." शिवानीनं डबी पुसली, बसवली. महादेवीनं हात जोडले. बटन.

टक् न्हाई.

आत कायतरी फिराय लागलं. बारीक, सरळ, एकसारखं. तो आवाज मी वळखला. सूर व्हता तो. कुनीतरी आत बसून सूर धरला व्हता.

"दुसरीकडं घेते," शिवानी म्हनली. घ्यायला गेली तर अर्ध्यात अडकलं. "न्हाई जमत. घेतली तर सगळी येती न्हाईतर काईच न्हाई. नुसती वाजवते. येईल तेवढी येईल. कोन ऐकतंय?"

आता आली का पंचाईत. ऐकायची तर रीत मोडती. न ऐकावी तर वाजवनार कोन? केदारनाथनं डाव्या हातानं रविकडं बोट केलं. मग स्वतःच्या कानाकडं. मग आमच्याकडं बघून हात आडवा हालवला. शिवानीनं कानात घालायच्या वायरी काढल्या, रविच्या कानात घातल्या. एकट्याच्या.

तसलं मी जन्मात बघितलं न्हाई. खोलीत आवाज कसलाच न्हाई. माशी उडाली तर ऐकू येत व्हती. आन् रवि मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. त्याची बोटं गुडघ्यावर आली. गुडघ्यावर सनईची भोकं असल्यावानी एकेक बोट उठत व्हतं, बसत व्हतं. चाल चालली व्हती. आमाला दिसत व्हती, ऐकू येत नव्हती. उंबरा. मला बोटावरनं कळलं, इतं पोरगी उंबऱ्यावर थांबली, इतं मागं वळली. माझे गाल आपोआप फुगले. हातात सूर न्हाई, तोंडात काडी न्हाई, तरी मी श्वास धरून बसलो. बाजेवर केदारनाथची डाव्या हाताची बोटं चादरीवर उठत व्हती. रविची बोटं पुढं, त्याची जरा मागं. मग जरा पुढं.

"कसं हाय रे?" महादेवीला ऱ्हावलं न्हाई.

"मामी, गप!" रविचे डोळे मिटलेलेच. पान्यानं भरून व्हाय लागलते.

टक्.

बोटं थांबली.

परत पळापळ. परत वाफ, परत लाल-पिवळे गारीगार. ह्या खेपंला शिवानीनं चाल मधूनच लावली. रविची बोटं आता लांब लांब पडाय लागली, चालत्या मानसाच्या पावलावानी. गल्ली गेली, हनुमान गेला, वेस आली. वेशीत एक बोट वर उठलं ते उठलेलंच ऱ्हायलं. आमी त्या बोटाकडं बघत बसलो.

टक्. टक्. टक्.

त्याच्यानंतर मुक्ताबाईनं सगळे गारीगार बाहेर काढून डबीला आख्खी बर्फाची पेटी दिली. गावातली पोरं फुकट गारीगार चोखत दारात जमली. पन डबी परत फिरली न्हाई. शिवानीनं उलटी धरून बघितली, आडवी धरून बघितली. नुसतं टक् टक् आन् मग तेबी न्हाई. पोरीनं डबी मांडीवर ठिवली आन् मान खाली घातली.

"नाना, माघारी ऱ्हायली," ती म्हनली.

 मग रवि म्हनला, "मामा, उंबरा अन् वेस माझ्याजवळ पक्की हाय. माघारीचं मी जुळवतो की. एखाद्या पिक्चरचं..."

केदारनाथनं डावा हात बाजेवर असा आपटला की तांब्या पडला.

मग त्यानं स्वतःच तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. "अं... अं..." जात व्हता, माघारी येत व्हता, परत जात व्हता. जागा सापडंना. अर्ध्या तोंडातनं नुसता वारा येत व्हता आन् एका डोळ्यातनं पानी. मला बघवंना. मी भिंतीकडं तोंड केलं.

आन् तवा परसातनं आवाज आला.

बारीक. गळ्यातल्या गळ्यात. बाई दळताना गुनगुनती तसा, पन ती चाल कुनी ऐकलेली नव्हती. पहिल्यांदा वाटलं माझाच भास. वेशीत जितं बोट अडकलंतं तितनंच ती निघाली, जरा घुटमळली, वळली, आन् हळूहळू गावाकडं यायला लागली. मोकळ्या हातानं मानूस येतो तशी. ना रडकी ना हसरी.

महादेवी उठून परसाच्या दारात गेली. ईश्वरी पिळलेलं लुगडं हातात घिऊन उभी. अंगभर भिजलेली.

"तू ऐकलीस?" महादेवी म्हनली. "रांडंचे, तू आधी ऐकलीस?"

"मी न्हाई ऐकली." पोरीनं हातातलं लुगडं परत पिळलं. "मी हौदावर धुनं धूत व्हते. देवळाच्या मागच्या झरोक्यातनं पान्यावर येत व्हती. पान्यानं ऐकली."

"महिनाभर?"

"कापडं लई मळत व्हती ना, आई."

रवि फस्सकन हसला आन् परत गप झाला. कारन सगळ्यांला एकच भ्या. केदारनाथ काय करतो? रीत मोडली व्हती. ज्या कानांनी सगळ्यात शेवटी ऐकायची त्यांनी सगळ्यात आधी ऐकली व्हती.

केदारनाथ लेकीकडं बघत व्हता. मग त्याच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली. हसला बे! घशात खरखर करत हसला. डाव्या हातानं तिला बोलवलं, बाजेवर बसवलं, आन् बोट हालवलं. म्हन.

तिनं परत म्हनली. एका जाग्यावर त्यानं मान जोरात हालवली. चूक. तिनं परत घेतलं. परत मान हालली. रीत गेली खड्ड्यात, पन सूर इकडचा तिकडं झालेला त्या मानसाला मरनाच्या दारातबी चालनार नव्हता. तिसऱ्या का चवथ्या खेपंला त्यानं डोळे मिटले. रविची बोटं गुडघ्यावर चालत व्हती. शिवानी मेलेली डबी मांडीत घेऊन रडत व्हती आन् हसत व्हती.

"पर आता हिचा पाय निघनार न्हाई की ओ," महादेवी हळूच माझ्या कानात म्हनली.

"न्हाई निघाला तर ढकला," बाजेवरनं ईश्वरी म्हनली. कानाची लई तिखट पोरगी.

लगनाच्या दिवशी केदारनाथला वीरभद्रअप्पाच्या किराण्याच्या हातगाड्यावर गादी टाकून बसवलंतं. फेटा बांधून. गाड्याला अजून गुळाचा वास. मी सूर धरला. रविनं उंबरा चालू केला. आन् खरंच, पोरीचा पाय उंबऱ्यावर अडकला. उजवा पाय वर उचललेला, खाली येईना. बाया एकमेकींकडं बघाय लागल्या. 

केदारनाथनं हातगाडा पुढं घ्यायला लावला. डावा हात लांब केला आन् लेकीच्या पाठीवर ठिवला. ढकललं म्हनावं असं ढकललं न्हाई. नुसता ठिवला. पाय पडला.

गल्ली गेली, हनुमान गेला, वेस आली. जीप उभी व्हती. पोरगी बसली, मुंडावळ्या सारख्या केल्या, जीप निघाली. रविचं बोट वर उठलं आन् तसंच ऱ्हायलं. माझा सूर चालू. धूळ खाली बसाय लागली. मग त्यानं बोट खाली टाकलं आन् माघारी लागली.

जीप पुढं बाभळीजवळ थांबली. कुनी उतरलं न्हाई. माघारीच्या त्याच जाग्यावर, जितं केदारनाथनं मान हालवली व्हती, रवि जरा घसरला. खिडकीतनं एक मुंडावळी जोरात इकडून तिकडं हालली. रविनं दुरुस्त केलं. मग जीप गेली.

आमी तोंड फिरवलं. हातगाडा अप्पा ढकलत व्हते, चाक कुरकुरत व्हतं. ऊन उतरलं व्हतं. घर आलं, रविनं सनई खाली घेतली, संबळ थांबला. लोक पांगले. मी सूर सोडला न्हाई. गाल दुखाय लागले, डोळ्यापुढं काजवे आले, तरी सोडला न्हाई. आमी केदारनाथला उचलून उंबऱ्यातून आत नेलं, मी तोंडात सूर घिऊनच मागं मागं. बाजेवर बसवलं.

तो आला का आत, हे मी बघत व्हतो.

त्यानं खोलीत नजर फिरवली. दोरीवर ईश्वरीनं धुतलेलं एक धोतर वाळत व्हतं. तेच महिनाभर परत परत धुतलेलं, पार इरलेलं. त्यानं ते ओढलं, तोंड पुसलं, आन् माझ्याकडं बघून डावा हात खाली केला.

मग मी सूर सोडला.